कुकर घरी ठेव, मेतकूट घे

«ताई, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन जपानला निघाले आहे. 10 रात्री. आई 61 वर्षांची, पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा 67 वर्षांचे, रोज इन्सुलिन घेतात, गुडघे दुखतात पण कबूल करत नाहीत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे हिरोशिमा त्यांना बघायचंच आहे. आईला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायचाय. मी आखलेला कार्यक्रम असा: टोकियो, हाकोने, ताकायामा, क्योतो, हिरोशिमा, ओसाका. भाऊ म्हणतो, 7 दिवसांचा रेल्वे पास काढून टाक, सगळे काढतात. आईने विजेचा छोटा कुकर, 2 किलो तांदूळ आणि मुगाची डाळ बाजूला काढून ठेवली आहे. मी आजवर एकदाच परदेशात गेले, तेही ऑफिसच्या कामासाठी, तेव्हा सगळं दुसऱ्याने ठरवलं होतं. आता रात्री झोप लागत नाही. कुठून सुरुवात करू?
— घरची टूर मॅनेजर»

प्रिय टूर मॅनेजर,

सुरुवात कुकरपासून कर. तो परत माळ्यावर टाक. जपानमध्ये वीज 100 व्होल्टची, आणि आपला कुकर 230 व्होल्टसाठी बनवलेला. तिथे लावलास तर जेमतेम पाचव्या हिश्शाची आच मिळेल. तांदूळ छान भिजतील, शिजणार नाहीत. शिवाय हॉटेलच्या खोलीत शिजवायला सहसा परवानगी नसते. फोनच्या चार्जरची काळजी नको, त्यावर बारीक अक्षरात 100-240 लिहिलेलं असतं. फक्त दोन चपट्या पात्यांची पिन लागते, ती इथूनच घे.

तांदूळ आणि डाळही नको. कच्चं धान्य, कडधान्य, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता हे सगळं विमानतळावर वनस्पती तपासणीत अडकतं, आणि निर्यातदार देशाचा तपासणी दाखला नसेल तर तिथेच ठेवून यावं लागतं. मांसाचे पदार्थ तर मुळीच नेता येत नाहीत, पण तो तुमच्या घरचा प्रश्न नाही. चिवडा, लाडू, दशम्या, भाजलेलं मेतकूट, तिखट-मिठाच्या पुड्या यांना सहसा कोणी हात लावत नाही. विचारलं तर लपवायचं नाही, काय आहे ते सांगायचं.

आता मुख्य गोष्ट. मी ओसाकात चार वर्षं राहिले आणि नंतर दोनदा घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेले. त्यातून एक कळलं. जपानमध्ये आधी सांगितलं तर जवळपास काहीही जमवून देतात, आयत्या वेळी मागितलं तर साधी गोष्टही जमत नाही. सासूबाईंना घेऊन एका छोट्या उदोनच्या दुकानात गेले होते. म्हटलं, मासे नकोत, नुसत्या शेवया आणि रस्सा द्या. आचारी गल्ल्यामागून बाहेर आला, कमरेत वाकून दोनदा माफी मागितली आणि नाही म्हणाला. त्याच्या रश्शाचं भांडं पहाटेपासून माशाच्या अर्कावर चढलेलं होतं, त्यातून मासा काढायचा कसा? पण त्याच गावात एका जेवणघराला मी तीन दिवस आधी कळवलं होतं, तिथे सासूबाईंसाठी शैवालाच्या अर्कात वेगळं जेवण करून ठेवलेलं होतं, आणि पानाशेजारी त्यात काय काय आहे त्याची चिठ्ठी. त्यामुळे तुझी झोप उडाली आहे ते एका अर्थी बरंच आहे. जे काही करायचंय ते निघण्याआधीच करायचंय.

आईच्या जेवणाचं सविस्तर सांगते, कारण फजिती इथेच होते. शत्रूचं नाव दाशी. जवळपास प्रत्येक जपानी रश्शाचा, चटणीचा, उकडलेल्या भाजीचा पाया म्हणजे हा अर्क, आणि तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीचा असतो, म्हणजे धुरावून, सुकवून लाकडासारखा कडक केलेल्या माशाच्या किसाचा. मिसो सूपमध्ये तो आहे, सोबा शेवया बुडवून खायच्या पाण्यात आहे, साध्या दिसणाऱ्या पालकावर आहे. तिथे ‘शाकाहारी’ म्हटलं की समोरचा मांसाचा तुकडा काढून टाकतो आणि मनापासून समजतो की काम झालं. त्यात त्याची लबाडी नसते. आपण उपासाला साबुदाणा खातो हे परक्याला जितकं कळेल, तितकंच त्याला हे कळतं. म्हणून शब्द मोघम नको, पदार्थांची नावं सांग. निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासे, तामागो म्हणजे अंडं. ‘निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन. साकाना नो दाशी मो ताबेमासेन.’ मांस-मासे-अंडं खात नाही, माशाची दाशीही खात नाही. हे जपानी लिपीत छापलेलं कार्ड तिघांच्या पाकिटात ठेव. पहिल्या हॉटेलच्या काउंटरवर दाखवून लिखाण तपासून घे, ते आनंदाने करतात.

तरीही रोज हॉटेलात बसून जेवण मिळेलच असं धरू नकोस. खरा आधार आहे कोन्बिनी, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, फॅमिली मार्ट, लॉसन ही चोवीस तास चालणारी दुकानं. तिथे शिजवलेल्या पांढऱ्या भाताचे डबे मिळतात आणि दुकानातच गरम करून देतात. साधं दहीही मिळतं, गोड नसलेलं बघून घ्यायचं. जपानी भात मऊ आणि चिकट असतो, म्हणजे दहीभाताला आणि मेतकूट-भाताला नेमका. आईने तुपाची छोटी बाटली आणि मेतकूट घेतलं की रात्रीच्या जेवणाची चिंता मिटली. नुसत्या मिठाचा ओनिगिरी म्हणजे भाताचा वळलेला गोळा, काकडीची कप्पा-माकी म्हणजे भाताची गुंडाळी, केळी, भाजलेलं रताळं हे तिला चालेल. कोन्बु म्हणजे शैवाल घातलेला ओनिगिरी मात्र फसवा, त्याच्या मसाल्यात माशाचा अर्क असतो बऱ्याचदा. भाज्यांचा तेम्पुरा, म्हणजे त्यांची भजी, तीही विचारून घे. पिठात अंडं असू शकतं, आणि सोबतचं पाणी दाशीचंच, त्याऐवजी मीठ मागायचं. पावातही अंडं, कधी डुकराची चरबी. पाकिटावरची बारीक अक्षरं फोनच्या कॅमेऱ्याने वाचून दाखवणारं भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेव.

टोकियोत पोळी-भाजीच खावीशी वाटली तर निशी-कासाई भागात जा. आपली बरीच कुटुंबं तिथे राहतात, त्यामुळे भारतीय किराणा आणि खानावळी आहेत. पण चौथ्या दिवशी जा. पहिल्याच दिवशी गेलात तर रोज तिथेच जाल, आमचं असंच झालं होतं.

आता कार्यक्रम. 10 रात्रींत 6 गावं म्हणजे आई-बाबा जपान बघणार नाहीत, स्टेशनं बघतील. हाकोने काढ. तिथे लोक फुजी बघायला जातात आणि फुजी बहुतेक दिवस ढगात असतो. तो तुला गाडीतूनच दाखवते, पुढे सांगते. ताकायामा सुंदर आहे, पण वाट वाकडी करून जावं लागतं. तेही काढ. 4 रात्री टोकियो, 4 रात्री क्योतो, त्यातला एक दिवस हिरोशिमाला जाऊन परत, 1 रात्र कोयासान हे मठांचं गाव, 1 रात्र ओसाका आणि तिथल्याच कान्साई विमानतळावरून परत. तिकीट टोकियोला उतरून कान्साईहून परतीचं काढ, म्हणजे उलटं टोकियोला यायचा एक अख्खा दिवस आणि तितकेच पैसे वाचतात.

भावाचा पास. त्याचा सल्ला चुकीचा नव्हता, जुना झाला आहे. सप्टेंबर 2023 पर्यंत 7 दिवसांचा पास 29,650 येनला मिळायचा आणि खरंच सगळे काढायचे. ऑक्टोबर 2023 पासून तो थेट 50,000 येन झाला. तुझा हिशेब बघ: टोकियो-क्योतो शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, साधारण 14,000 येन, क्योतो-हिरोशिमा जाऊन-येऊन साधारण 23,000. एकूण 37,000 च्या आसपास. म्हणजे पास काढलास तर माणशी 13,000 येन वाया, आणि वर सगळ्यात वेगवान नोझोमी गाडीत बसायला त्या पासावर जादा पैसे. सुटी तिकिटं घे. आरक्षण साधारण महिनाभर आधी खुलं होतं आणि साकुराच्या दिवसांत चांगल्या जागा पटकन जातात, तेव्हा आयत्या वेळी स्टेशनवर बघू असं म्हणू नकोस.

जागा कुठल्या घ्यायच्या, तर साध्या डब्यात एका बाजूला ए-बी-सी आणि दुसऱ्या बाजूला डी-ई अशी रचना असते. टोकियोहून क्योतोला जाताना फुजी उजव्या हाताला, म्हणजे ई च्या खिडकीत दिसतो. आई-बाबांना डी-ई दे आणि तू मधली वाट सोडून पलीकडची सी घे. सुटल्यावर पाऊण तासाच्या सुमारास, शिन-फुजी स्टेशनच्या आसपास, दोघांना जागं ठेव. एप्रिलमध्ये धुरकट असू शकतं, तेवढी तयारी मनाची.

गावातल्या गाड्यांसाठी तिघांना तीन वेगळी आयसी कार्डं, म्हणजे आधी पैसे भरून वापरायची प्रवासाची कार्डं, लागतील. विमानतळावर वेलकम सुइका नावाचं कार्ड मिळतं, 28 दिवस चालतं, क्योतो-ओसाकातही चालतं. त्यातले उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा थोडे थोडेच भर.

सामानाबद्दल ऐक. शिंकानसेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग न्यायची तर डब्यातली शेवटच्या रांगेची, मागे सामानाची जागा असलेली खास सीट राखून ठेवावी लागते. न राखता नेलीस तर 1,000 येन भुर्दंड. पण तुम्ही मोठ्या बॅगा नेऊच नका. ताक्युबिन नावाची सोय आहे. टोकियोच्या हॉटेलात काउंटरवर बॅग द्यायची, क्योतोच्या हॉटेलचा पत्ता सांगायचा, ती दुसऱ्या दिवशी तिथे पोचते. एका बॅगेला साधारण 2,000 ते 3,000 येन. फॉर्म हॉटेलवालेच भरून देतात. बाबांचे गुडघे या एका गोष्टीने निम्मे वाचतील, कारण तिथे दमवतात ते मंदिराच्या पायऱ्यांपेक्षा स्टेशनचे जिने. लिफ्ट असते, पण बऱ्याचदा प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला.

एकच पथ्य. मधली एक रात्र बॅगेशिवाय काढायची असते, तेव्हा हातातल्या पिशवीत काय राहायला हवं ते आदल्या रात्री बोटं मोजून तपास. माझ्या सासऱ्यांची कवळी अशीच त्यांच्या आधी क्योतोला पोचली. एक संध्याकाळ आणि एक सकाळ ते तोफू आणि दहीभातावर राहिले, आणि वर सगळ्यांना सांगत होते की तोफू फार नाजूक लागतो. इन्सुलिन, पासपोर्ट, रोख पैसे बॅगेत कधीच नाही.

बाबांची औषधं. स्वतःसाठी, डॉक्टरांनी लिहून दिलेली, एक महिन्यापुरती नेता येतात, त्यात इन्सुलिनची पेनंही आली. 10 दिवसांसाठी वेगळा परवाना नको. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घे, औषधांची कंपनीची नावं नाही तर मूळ रासायनिक नावं आणि मात्रा, सुया कशासाठी तेही. इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे, पहिल्या दिवशीचा डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांनाच विचार. आणि घरातल्या डब्यातली सर्दी-खोकल्याची औषधं सरसकट उचलू नकोस. काही सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, काही कफ सिरपमध्ये कोडीन. ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर जपानचा कायदा त्यांना उत्तेजक किंवा अमली पदार्थ धरतो, आणि ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. पॅरासिटामॉल घे, बाकी सर्दी झाली तर तिथल्या औषधाच्या दुकानात बघता येईल.

कागदपत्रांत एकच खुबी आहे. आपल्याला आता तिथला पर्यटक व्हिसा अर्ज केंद्रामार्फत ई-व्हिसा म्हणून मिळतो. तो विमानतळावर इंटरनेट चालू असलेल्या फोनवर, त्यांच्या साइटवरूनच उघडून दाखवावा लागतो. छापील प्रत, पीडीएफ, स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे विमानातून उतरल्या क्षणी तुझ्या फोनवर नेट हवं आणि बॅटरी हवी. ई-सिम इथूनच टाकून निघ. व्हिजिट जपान वेब या सरकारी साइटवर तिघांची माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेव, बरोबरच्या माणसांना एकाच खात्यात जोडता येतं. आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवायची आपली सवय तिथे नको. पर्यटकाने तो सतत जवळ बाळगायचा असा तिथला कायदाच आहे.

हॉटेल टोकियोत उएनो भागात घे. शिंजुकू स्वस्त दिसलं तरी नको. त्या स्टेशनला 200 हून जास्त दारं आहेत, चुकीच्या दारातून बाहेर पडलात की बाबांची फेरी अर्ध्या तासाने वाढली. उएनो सपाट आहे, नारिता विमानतळावरून स्कायलायनर गाडी थेट येते. क्योतोत स्टेशनजवळच राहा. खोली घेताना ‘ट्विन’ असं बघ. ‘डबल’ म्हणजे बऱ्याचदा एकच अरुंद पलंग असतो. खोल्या इतक्या लहान की तीन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. टॉयलेटमध्ये मात्र पाण्याचा फवारा जवळपास सगळीकडे आहे, हे आईला आजच सांगून टाक. निम्मी धास्ती तिथेच संपेल.

उएनोचं दुसरं कारण म्हणजे तिथल्या बागेतला साकुरा आणि शिनोबाझु तळं. तळ्याच्या मध्यावर जे देऊळ आहे ते बेन्तेनचं, म्हणजे आपल्या सरस्वतीचं. बौद्ध धर्माबरोबर आपले कितीतरी देव चीनमार्गे तिथे पोचले आणि तिथलेच झाले. आसाकुसा भागात सगळे सेन्सोजीचं देऊळ बघतात, तुम्हीही बघा. पण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ आहे, तिथे गणपती आहे. नाव शोतेन. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही, आणि नैवेद्याला मुळा! लोक अख्खा पांढरा मुळा वाहतात. आई काय म्हणते ते मला नक्की कळव. मोदकाची चौकशी केली तर तिला सांग, तो क्योतोत आहे. गिओनजवळ एका जुन्या मिठाईच्या दुकानात सेइज्यो कान्किदान नावाचा पदार्थ मिळतो, पारीत लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण, त्यात सुगंधी द्रव्यं, तोंडाशी चुण्या काढून बांधलेला आणि तिळाच्या तेलात तळलेला. तो मोदकाचाच वंशज मानतात. बाबांना अर्धाच द्यायचा.

क्योतोत कियोमिझु देवळाची चढण बाबांना झेपली तर ठीक, नाही तर सोडून दे. त्याऐवजी सान्जुसान्गेन्दो चुकवू नका. 1266 साली पुन्हा उभारलेलं, सुमारे 120 मीटर लांबीचं एकच लाकडी सभागृह आणि आत रांगेने उभ्या 1,001 कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर. सगळं एका पातळीवर. पुढच्या बाजूला 28 रक्षक देवता आहेत आणि पाट्यांवर त्यांची मूळ संस्कृत नावंही दिली आहेत. इंद्र, ब्रह्मा, वरुण, गरुड. इतिहासाचे मास्तर तिथे तासभर हलणार नाहीत, त्या तासात तू बाकावर बस. फोटोला बंदी आहे, बूट काढावे लागतात, तेव्हा भोकं नसलेले मोजे आणि चटकन निघणारे बूट. फुशिमी इनारी देवळाच्या लाल तोरणांखालून पहिला टप्पा चालून परत फिरा, डोंगर चढायची गरज नाही. ते चोवीस तास उघडं आणि विनामूल्य असतं, म्हणून सकाळी 7 ला जा. 10 वाजता तिथे जत्रा असते. गिओनच्या खाजगी गल्ल्यांत फोटो काढू नका, 10,000 येन दंडाच्या पाट्या आहेत.

साकुराचं वचन मी देणार नाही, तो आठवडाभर टिकतो आणि एका पावसात जातो. टोकियोत गळून गेला असेल तर आईला सांग, क्योतोच्या निन्नाजी देवळातली झाडं उशिरा, एप्रिलच्या मध्याच्या आसपास फुलतात आणि माणसाच्या उंचीची असतात. तुमच्या परतीपर्यंत निदान कळ्या तरी उमलायला लागलेल्या असतील. सकाळ-संध्याकाळ थंडी असते, स्वेटर घ्या.

कोयासान मी आईसाठी घातलं आहे. कुकाई या भिक्षूने 816 साली वसवायला घेतलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव, तिथल्या मठांत राहता येतं. रात्रीचं जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं जेवण: मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, आणि दाशी शैवालाची किंवा अळंबीची. सगळ्या प्रवासात तिने न विचारता जेवावं अशी ही एकच जागा. तरी आरक्षण करताना एकदा लिहून कळवच. दुसरं कळवायचं ते बाबांचं. मठात जमिनीवर बसून जेवायचं आणि गादीवर झोपायचं असतं. खुर्ची आणि पलंग देणारे मठ आहेत, पण आधी विचारावं लागतं. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून नान्काई या रेल्वे कंपनीची गाडी जाते ती गोकुराकुबाशीपर्यंत. नावाचा अर्थ स्वर्गाचा पूल. पुढे उभ्या चढाची केबल कार आणि बस. मठाला खुर्ची-पलंग जमत नसेल तर ही रात्र क्योतोला जोड, ओढाताण नको.

हिरोशिमा. सकाळी लवकर निघा, नोझोमीने पावणेदोन तासांच्या आत पोचता. शांती स्मारक संग्रहालय बघायला दोन तास धर आणि त्यानंतर काहीही ठरवू नकोस. मियाजिमाचं बेट त्याच दिवशी ‘आटोपून’ घ्यायचा मोह होतो. मी एकदा केला होता, संग्रहालयातून आल्यावर कोणालाच बोलावंसं वाटत नव्हतं आणि आम्ही बोटीत फोटो काढत होतो. नदीकाठी बाक आहेत, तिथे बसा. तिथल्या ट्राम बाबांना दाखव. 6 ऑगस्ट 1945 नंतर तिसऱ्याच दिवशी एका टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली होती, आणि त्या दिवशी वाचलेल्या डब्यांपैकी काही दुरुस्त होऊन पुढे अनेक दशकं धावत राहिले.

उरलेलं थोडक्यात. रोख पैसे लागतात, देवळं आणि छोट्या खानावळी बऱ्याचदा कार्ड घेत नाहीत. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून आपलं कार्ड चालतं, पण निघण्याआधी बँकेत परदेशी वापर सुरू करून घे. नाण्यांची वेगळी थैली ठेव, 500 येनचंही नाणंच असतं. टीप द्यायची नाही. दिलीस तर माणूस पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतो. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत, 1995 च्या भुयारी रेल्वेतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बरेच काढले गेले, तेव्हा एक पिशवी पर्समध्ये. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे. गाडीत फोनवर बोलायचं नाही, हे बाबांना तू सांग, मला त्यांच्या पिढीचा आवाज माहीत आहे. भूकंपाचा इशारा फोनवर कर्कश वाजतो. वाजला तर धावत बाहेर जायचं नाही, टेबलाखाली बसायचं, लिफ्ट वापरायची नाही. रुग्णवाहिकेला 119, पोलिसांना 110.

आणि बाबांचे गुडघे. ते कबूल करणार नाहीत, तेव्हा विचारूच नकोस. दर दीड तासाने तूच दमत जा.

तुझी,
ताई

ता. क. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको, तेल म्हणजे सुरक्षा तपासणीत द्रवच. चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, आणि आईच्या साड्यांपासून लांब.